सूचनापेटी रिकामी का झाली?

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"मी एका मशीनिंग कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर आहे. साठेक माणसं, तीन लाइनी, दोन शिफ्ट. गेल्या वर्षी मालकांनी सल्लागार नेमले. फाइव्ह एस (शॉप आवरून प्रत्येक वस्तूला जागा ठरवण्याची पद्धत) झालं, जमिनीवर पिवळे पट्टे आले, प्रत्येक लाइनला बोर्ड लागला, सूचनापेटी बसली. पहिल्या महिन्यात ४७ सूचना आल्या. गेल्या महिन्यात दोन, आणि त्यातली एक पंख्याची! बोर्डावरचे आकडे तीन महिन्यांपूर्वीचे आहेत. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मी ऑपरेटरनिहाय रिजेक्शन वाचून दाखवतो, तरी फरक पडत नाही. मालक म्हणतात, सहा महिन्यांत ओईई (मशीनच्या वेळेचा चांगल्या मालासाठी किती टक्के उपयोग झाला, तो आकडा) ८५ टक्के हवं. कोणी म्हणतं लीन करा, कोणी सिक्स सिग्मा, कोणी टीपीएम. नेमकं काय धरू? आणि माणसांना सुधारणेत रस कसा येईल?"

प्रॉडक्शन मॅनेजर साहेब,

पत्रातल्या ८५ वर तुमची झोप उडालेली दिसते. माझी नजर मात्र ४७ वर अडकली. त्या ४७ चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. किती अमलात आल्या? किती जणांना 'हे जमणार नाही, कारण असं असं आहे' एवढं तरी तोंडावर सांगितलं गेलं? पेटीची किल्ली कोणाकडे असते, आणि ती शेवटची कधी उघडली?

माणूस एकदा चिठ्ठी टाकतो. पंधरा दिवस वाट बघतो. मशीनवर काही बदलत नाही, कोणी काही विचारायला येत नाही. दुसऱ्यांदा तो चिठ्ठी टाकत नाही. तुम्ही याला निरुत्साह म्हणाल, पण हा साधा हिशेब आहे आणि तो त्याचा बरोबर आहे.

पंख्याच्या चिठ्ठीपुढे तुम्ही उद्गारचिन्ह टाकलं आहे. मी तीच चिठ्ठी आधी हातात घेईन. बाकी सगळे गप्प बसल्यावरही ज्याने लिहिलं, त्याचा तुमच्यावर अजून थोडा भरवसा शिल्लक आहे. पंखा लावता येत असेल तर याच आठवड्यात लावा. येत नसेल, म्हणजे कूलंटचे तुषार उडतील किंवा गेजिंगच्या टेबलावर धूळ येईल असं काही असेल, तर त्याच्या मशीनपाशी जाऊन ते सांगा आणि दुसरा काही उपाय दोघं मिळून शोधा. त्याला दिलेलं उत्तर आजूबाजूची दहा मशीन ऐकत असतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, झालेल्या चुकीतून सांगतो. मी सेटर होतो, म्हणजे पुढच्या पार्टसाठी मशीन जुळवून द्यायचो, तेव्हा आमच्याकडे एक बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) इन्स्पेक्शनच्या खोलीत कुलपात असायचा. प्रत्येक सेटिंगनंतर पहिला पीस हातात घेऊन शॉपच्या त्या टोकापर्यंत जायचं, तिथे माणूस नसेल तर थांबायचं. मी फोरमनना म्हटलं, एक गेज लाइनवर ठेवू या. ते म्हणाले, "तू सेटिंग कर, व्यवस्था आम्ही बघतो." त्यानंतर मी त्या कारखान्यात होतो तोवर एकही सूचना केली नाही. पुढे मी स्वतः फोरमन झालो आणि एका पोराला जवळपास तेच वाक्य ऐकवलं. बोलून गेल्यावर कळलं.

टोयोटामध्ये सूचना योजना १९५१ साली सुरू झाली. मूळ कल्पना त्यांची नव्हती. एजी टोयोडा आणि शोइची सैतो १९५० मध्ये अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले होते, तिथली सूचनांची पद्धत त्यांनी उचलली. पेटीची नक्कल कोणालाही करता येते. तिथे ती टिकली याचं एक मोठं कारण असं, की आलेली सूचना वाचणं आणि ती करून बघायला मदत करणं हे लगतच्या वरिष्ठाचं रोजचं काम ठरलं. आपल्याकडे ते काम एखाद्या समितीकडे जातं आणि समिती महिन्यातून एकदा बसते, तीही बसली तर.

तेव्हा पेटी काढून टाका. प्रत्येक लाइनच्या तोंडाशी एक साधा फळा ठेवा आणि त्यावर तीन रकाने आखा: काय अडतंय, कोण बघतंय, कधीपर्यंत. माणूस स्वतःच्या हाताने लिहील, नाहीतर सुपरवायझर त्याच्यासमोर लिहील. पुढची शिफ्ट सुरू होण्याआधी दुसऱ्या रकान्यात नाव पडलंच पाहिजे, एवढा एकच नियम. आणि एक फिटर रोज तासभर फक्त या फळ्यासाठी मोकळा ठेवा. ब्रेकडाउन आलं तरी तो तास शक्यतो मोडू नका. सूचना पैशाअभावी मरतात असं सगळे म्हणतात. मी बघितलेल्या बहुतेक सूचना फिटरला वेळ नव्हता म्हणून मेल्या. एक ब्रॅकेट वेल्ड करायचा, एक ट्रे दोन हात अलीकडे घ्यायचा, स्विचची जागा बदलायची. कामं एवढीशीच असतात.

आता ते सकाळचं रिजेक्शन वाचन.

ते बंद करा. उद्यापासूनच.

एडवर्ड्स डेमिंग हे संख्याशास्त्रज्ञ १९५० साली जपानमध्ये कारखानदारांना आणि इंजिनिअरांना शिकवायला गेले होते. पुढे अमेरिकेत आपल्या चार दिवसांच्या शिबिरांत ते लाल मण्यांचा एक खेळ करत. एका भांड्यात पांढरे आणि लाल मणी मिसळलेले, त्यांत लाल २० टक्के. ५० खळग्यांचं एक फळकूट त्यात बुडवून बाहेर काढायचं. लाल मणी म्हणजे खराब माल. श्रोत्यांतून 'कामगार' निवडायचे. एकाला ६ लाल मणी येत, दुसऱ्याला १४. डेमिंग पहिल्याची पाठ थोपटत, दुसऱ्याला झापत. पुढच्या फेरीत शाबासकी मिळालेल्याचे मणी वाढत, ओरडा खाल्लेल्याचे कमी होत, आणि 'मॅनेजर' बक्षीस आणि दमदाटी चालूच ठेवी. लोक हसत, पण हळूहळू हसू ओसरत असे, कारण प्रत्येकाला आपल्या कारखान्यातली सकाळ आठवायची. लाल मणी भांड्यातच होते. फळकूट धरणाऱ्याचा त्यात काय दोष?

तुमच्या शॉपमध्ये भांडं कोणतं, ते शोधा. कास्टिंगचा अलाउन्स (कापून काढायचा जादा थर) कमीजास्त येतोय का? फिक्स्चरची, म्हणजे पीस धरणाऱ्या पकडीची, लोकेटिंग पिन झिजली आहे का? इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) किती पिसांनंतर बदलायचा, हे कुठे लिहिलंय की ज्याच्या त्याच्या मनावर आहे? प्रत्येक ऑपरेटरचं २५ दिवसांचं रिजेक्शन कागदावर मांडा आणि वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये सुचवलेल्या कंट्रोल चार्टच्या मर्यादा, म्हणजे नेहमीचा चढउतार कुठवर जातो त्या रेषा, त्यावर काढा. तुमच्या क्वालिटीच्या माणसाला ते येत असेल. सगळे ठिपके मर्यादेच्या आत असतील, तर 'उत्तम' आणि 'वाईट' ऑपरेटर अशी तुमची यादी ही सोडत आहे. एखादा ठिपका खरोखर बाहेर असेल, तर त्या माणसाशी एकट्याने बोला. बहुधा त्याला कोणी नीट शिकवलेलं नसतं.

शिवाय, ज्या आकड्यावरून ओरडा बसतो तो आकडा माणूस लपवतो. एकदा चिपचा, म्हणजे धातूच्या किसाचा, डबा पूर्ण उपडा करून बघा. बुडाशी, चिपांच्या खाली, काय निघतं ते बघून कोणालाही काही बोलू नका. फक्त मोजा. रजिस्टरमधलं रिजेक्शन आणि डब्यातलं रिजेक्शन यांतला फरक ही तुमच्या सकाळच्या मीटिंगची कमाई आहे.

साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला, तो दोरा तुटला की आपोआप थांबायचा. खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही, आणि एक माणूस अनेक मागांवर लक्ष ठेवू शकायचा. थांबणं हा त्या मागाचा गुण होता. तुमच्याकडे ऑपरेटरने शंका आली म्हणून मशीन थांबवलं, तर पहिला प्रश्न त्याला काय विचारला जातो? 'का थांबवलंस?' हा, की 'काय दिसलं?' हा? दोन्ही प्रश्न दोन-दोन शब्दांचेच आहेत.

लीन की सिक्स सिग्मा की टीपीएम, हे मी थोडक्यात आटोपतो. माल आणि माणसं ताटकळत असतील तर लीन. माप आज एक आणि उद्या एक येत असेल, तर १९८६ च्या सुमारास मोटोरोलात आकाराला आलेलं सिक्स सिग्मा. मशीनच सारखं बंद पडत असेल तर टीपीएम, म्हणजे ऑपरेटरसह सगळ्यांनी मिळून मशीनची देखभाल, ज्याची सुरुवात १९७१ च्या आसपास जपानच्या निप्पॉनडेन्सो या कंपनीपासून सांगतात. तिन्हींची हत्यारं एकमेकांत मिसळलेली आहेत, आणि भांडण आहे ते प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांचं. तुमचा रोग कोणता, हे तुमच्या पत्रात नाही. ते ठरवण्याआधी पद्धत निवडली तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

रोग कसा ओळखायचा? शॉपमध्ये फिरा आणि कोणत्या मशीनपुढे मालाचा ढीग कायम उभा असतो ते बघा. ते तुमचं अडणारं मशीन. बाकीची मशीन आणखी वेगाने चालवून काही मिळत नाही, ढीगच वाढतो. या एका मशीनवर पाच दिवस एक कागद ठेवा. प्रत्येक थांब्याची वेळ आणि कारण ऑपरेटर लिहील. कारणं सात-आठच ठेवा: सेटिंग, इन्सर्ट, माल नाही, इन्स्पेक्शनची वाट, क्रेनची वाट, बिघाड, इतर. सॉफ्टवेअर नंतर कधीतरी. आणि त्यातली एक शिफ्ट तुम्ही स्वतः तिथे उभे राहा, मोबाइल केबिनमध्ये ठेवून. पहिला तास सगळे तुमच्याकडे बघतील, मग कामाला लागतील.

आता ८५. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. टीपीएमची मांडणी करणाऱ्या सेइची नाकाजिमांनी उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के आणि चांगला माल ९९ टक्के असं लक्ष्य धरलं. तिघांचा गुणाकार साधारण ८५. तुमचं मशीन समजा शिफ्टला ४५० मिनिटं चालायला हवं. त्यात सेटिंगला ८० मिनिटं गेली आणि बाकी थांब्यांना ४०. राहिली ३३०. एका पिसाला २ मिनिटं लागतात, म्हणजे १६५ पीस व्हायला हवे होते, झाले १४०, त्यातले चांगले १३३. चांगले १३३ गुणिले २, भागिले ४५०: ओईई ५९ टक्के. बऱ्याच कारखान्यांत प्रामाणिकपणे मोजलं तर असाच काहीतरी आकडा निघतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण हा आकडा वर चढवायचे दोन चोरटे रस्ते आहेत, आणि सहा महिन्यांची मुदत दिली की माणसं तेच धरतात. पहिला, सायकल टाइम कागदावर २ ऐवजी सव्वादोन मिनिटं लिहायचा. दुसरा जास्त घातक: सेटिंगच कमी करायची, म्हणजे एकाच पार्टचे ढीगभर पीस काढत राहायचं. ओईई दिसायला सुंदर. डिस्पॅचवाला मात्र दुसऱ्याच पार्टची वाट बघत बसलेला. लाइनवर १,२०० पीस अडकलेले असतील आणि रोज १०० बाहेर पडत असतील, तर आज आत गेलेला पीस १२ दिवसांनी बाहेर येणार. प्रत्यक्ष मशीनवर त्याचा तासही जात नाही. जॉन लिटल यांनी हा नियम १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही तो आधीपासून माहीत होता.

म्हणून माझा सल्ला असा: अडणाऱ्या मशीनची सेटिंगची वेळ धरा. पाच दिवसांच्या कागदावर दुसरंच काही मोठं निघालं तर ते धरा, पण मशीनिंग शॉपमध्ये बहुधा सेटिंगच निघते.

या विषयात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरांचा हात धरणारा कोणी नाही. १९५० साली हिरोशिमातल्या माझदाच्या कारखान्यात ते एका मोठ्या प्रेसची डाय (साचा) बदलताना बघत उभे होते. डाय बसवायचा एक बोल्ट सापडेना. कामगार शोधायला गेला तो तासाभराने आला, दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून. तोवर प्रेस उभा. तिथे शिंगोंना सुचलं की सेटिंग दोन प्रकारची असते: मशीन थांबवूनच करावी लागते ती, आणि मशीन चालू असताना उरकता येते ती. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १,००० टनी प्रेसची सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली. तुमची लगेच तीन मिनिटांवर येणार नाही, पण अर्धी व्हायला नवीन मशीन लागत नाही.

सेटरला विचारून एका सेटिंगचा व्हिडिओ घ्या. विचारून, हे महत्त्वाचं. चोरून घेतलात तर ही शेवटची सुधारणा. मग तो व्हिडिओ आधी सेटरने एकट्याने बघावा, नंतर तुम्ही दोघांनी. तो किती वेळ मशीनपाशी नव्हता तेच आधी मोजा. जॉ (पीस पकडणारे जबडे) आणायला स्टोअर्स, ॲलन की शोधायला शेजारचं मशीन, प्रोग्रॅमसाठी ऑफिस, पहिला पीस पास करून घ्यायला इन्स्पेक्शन. यातलं जवळजवळ सगळं आधीचा लॉट चालू असताना तयार ठेवता येतं: पुढच्या पार्टचे जॉ, टूल, गेज आणि ड्रॉइंग एका ट्रॉलीवर, आणि लॉट संपायच्या पंधरा मिनिटं आधी इन्स्पेक्टरला निरोप. एवढं झाल्यावरच जॉ लवकर कसे बसतील, टूल बाहेरच सेट करून कसं आणता येईल, या खटपटी. उलट क्रमाने गेलात तर महागडी क्लॅम्प सिस्टिम येईल आणि ॲलन की शोधणं चालूच राहील.

वाचलेली वेळ कुठे घालायची, हे आधीच ठरवा. ती जास्त पीस काढण्यात घालू नका. जास्त वेळा सेटिंग करा, लॉट लहान करा. मालकांना हे उलटं वाटेल. लाइनवरचा ढीग उतरू लागला आणि डिस्पॅच वेळेवर जाऊ लागला की पटेल.

आणि नवी रीत दुसऱ्या शिफ्टला त्याच दिवशी सांगा. सुधारणा 'येरे माझ्या मागल्या' होण्याचं मी बघितलेलं सर्वांत साधं कारण हेच: सकाळच्या पाळीने ट्रॉली लावली, रात्रीच्या पाळीला तिचं प्रयोजन माहीत नव्हतं, त्यांनी तिच्यावर चिंध्या ठेवल्या. दोन्ही शिफ्टच्या सेटरनी मिळून एक पानी रीत लिहावी, त्यांच्या शब्दांत. तुम्ही त्यांची भाषा सुधारायला जाऊ नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, रस कसा येईल. माणसांच्या मनात एक प्रश्न असतो, तो कोणी मीटिंगमध्ये विचारत नाही: सेटिंग निम्म्या वेळात झाली, तर उरलेल्या निम्म्या वेळाच्या माझं काय करणार? कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा उघडला, बहुतांश जुन्याच कामगारांना घेऊन, आणि दोनेक वर्षांत त्याच्या मालाचा दर्जा नावाजला जाऊ लागला. तिथे कोणाही कामगाराला दोरी ओढून मदत मागता येई, वेळ पडली तर लाइन थांबवता येई. पण त्याबरोबर युनियनशी करारही होता: कंपनीच्या जिवावरच बेतल्याशिवाय कामगारकपात नाही. १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा माणसांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. दोरीचं कौतुक सगळे करतात, कराराबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

तेव्हा मालकांकडे ८५ ची चर्चा करायला जाण्याआधी हे एक वाक्य मागा: सुधारणेमुळे कोणाचंही काम जाणार नाही. ते त्यांनी स्वतः शॉपमध्ये उभं राहून म्हणावं. ते तयार नसतील तर मी सुधारणेचा हा सगळा खटाटोप सुरूच करणार नाही. तुम्हीही करू नका, कारण मग माणसांनी गप्प बसणंच त्यांच्या हिताचं आहे. तयार झाले, तर त्यांना ओईईऐवजी तीन आकडे दर आठवड्याला द्यायचं कबूल करा: अडणाऱ्या मशीनच्या सेटिंगची मिनिटं, लाइनवर अडकलेले पीस, आणि उशिरा गेलेले डिस्पॅच. सहा महिन्यांत ८५ होईल असं लिहून देऊ नका. ५९ वरून प्रामाणिक ७० झालं तरी तुम्ही मोठं काम केलंत.

सोमवारी मीटिंगमध्ये रिजेक्शनचा कागद नेऊ नका. फक्त विचारा, काल कशाने अडलं? पहिले चार-पाच दिवस कोणी बोलणार नाही. ती शांतता सहन करा, स्वतःच भरून काढू नका. मग कोणीतरी ॲलन कीबद्दल बोलेल.

महिन्याभराने पुन्हा लिहा. फळ्याचा फोटो पाठवा, पुसलेला-खरडलेला असेल तर जास्त बरं. आणि पंख्याचं काय झालं, तेही कळवा.